रिकाम्या पेटीतला पावसाळा

आमच्या घरात सव्वा वर्षाहून जास्त काळ एक रिकामी काचपेटी चालू होती. चालू म्हणजे अगदी चालू, वर दिवा, खाली हीट मॅट, मॅटला थर्मोस्टॅट, दोन टोकांना हवेतली ओल मोजणारे दोन छोटे हायग्रोमीटर, पाण्याची वाटी, मंगलोरी कौलाचा एक तुकडा, सगळं मांडलेलं आणि आत प्राणी कोणी नाही. घरी येणारा प्रत्येकजण विचारायचा यात काय ठेवलंय, आणि माझी लेक सांगायची, अजून काही नाही, सध्या पावसाळा बघतोय.

सुरुवात रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर झाली. २०२३ च्या मार्चमध्ये आम्ही दापोलीहून भल्या पहाटे निघून कासवं बघायला गेलो होतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रवाल्यांनी २००२ पासून तिथे समुद्री कासवांची अंडी राखायचं काम चालू केलं आणि आता गावच ते सांभाळतं. टोपली उचलली की ऑलिव्ह रिडलेची पिल्लं वाळूवरून समुद्राकडे सरकायला लागतात, काळपट, आपल्या अंगठ्याएवढी, आणि मागे दोरीपलीकडे शंभर माणसं एकदम गप्प. तिथल्या दादाने सांगितलं की अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळू किती तापली त्यावर ठरतं, जास्त तापली तर माद्या जास्त. लेकीच्या डोक्यात ते घट्ट बसलं. परतताना केळशीच्या आसपास ती म्हणाली, आई, आपण पण असं एखादं छोटं काहीतरी पाळूया ना, कासव नाही तर पाल, सरडा, छोटंसं, कमी जागेत मावेल असं.

छोटंसं आणि कमी जागेत मावेल असं, हे दोन शब्द ऐकून मला माझं जुनं कासव आठवलं.

लग्नाआधी मी ठाण्यात नोकरीला होते, दहा बाय दहाची खोली, आणि घरी वाट बघणारं कोणी असावं असं फार वाटायचं. एका दुकानातून दोन कासवं आणली, रुपयाच्या नाण्यापेक्षा जराशी मोठी, हिरवीगार, कानाशी लाल पट्टा. रेड इअर्ड स्लायडर. सोबत प्लॅस्टिकचं ताट, त्यात प्लॅस्टिकचं नारळाचं झाड. एवढीच राहतात म्हणून सांगितलं होतं आणि माझा विश्वास बसला, कारण माझी जागा तेवढीच होती आणि मला ते खरं असायला हवं होतं. त्यातलं एक दोनच महिन्यांत गेलं. दुसरं तीन वर्षं जगलं, ताटातून घमेल्यात आणि घमेल्यातून टबात गेलं, मी जिन्यात आले की माझ्या पावलांचा आवाज ओळखून टबाच्या कडेला मान वर करून उभं राहायचं. मी त्याला रोज खिडकीत उन्हाला ठेवायचे, काच बंद करून, वारा लागू नये म्हणून. उन्हातला जो भाग त्याच्या हाडांना लागतो, युव्हीबी, तो खिडकीच्या काचेतून जवळपास येतच नाही, हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्याच्या कवचाची कड अंगठ्याखाली दबायला लागली होती. कासवाचं कवच दबतं तेव्हा हाताला जे कळतं ते विसरता येत नाही.

तो स्लायडर मूळचा अमेरिकेतला, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातला. मादी वाढून पंचवीस ते तीस सेंटिमीटरची होते, वीस-तीस वर्षं सहज जगते, आणि पाळणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे की कवचाच्या दर इंचाला साधारण ३८ लिटर पाणी हवं. म्हणजे दहा इंची कासवाला ३८० लिटर. माझ्या टबात चाळीस लिटर मावायचं. अमेरिकेत चार इंचाहून लहान कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे, कारण ती हाताळून मुलांना साल्मोनेला या जंतूची लागण व्हायची. आणि आपल्याकडे विकतात ती बरोब्बर त्याच मापाची.

माहेरी, रत्नागिरीजवळच्या पावस गावी, आई म्हणायची, विहिरीत आणून सोड गो, कासव असलं की विहिरीचं पाणी चांगलं राहतं. आपल्याकडची ही जुनी पद्धत आहे, आणि ती आपल्या इथल्या कासवांसाठी ठीक होती. पण स्लायडर आययूसीएन या निसर्ग राखणाऱ्या जागतिक संस्थेच्या, जगातल्या शंभर सर्वात घातक उपऱ्या प्रजातींच्या यादीत आहे, पावसात विहीर भरली की वहाळात जाणार आणि वहाळातून कुठेही, आणि तिथे आपल्या पाठमऊ कासवाचं खाणं आणि ऊन शेकायची जागा दोन्ही बळकावणार. मी नाही सोडलं. ते माझ्याकडेच गेलं.

त्यामुळे लेकीला मी नाही म्हटलं नाही, पण हो म्हणायच्या आधी एक अट घातली. आधी पेटी, मग प्राणी. आपल्याकडे जागा किती हे आधी बघू, त्या जागेत वर्षभर काय काय होतं ते बघू, आणि मग त्यात कोण राहू शकतं ते शोधू.

जागा म्हणाल तर फ्रीज आणि खिडकीच्या मधला कोपरा, तिथे साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटरची पेटी बसते, उंची पंचेचाळीस. त्याहून मोठी ठेवली तर सासूबाईंचा देव्हाऱ्याकडे जायचा रस्ता अडतो. लेकीने वहीत पहिल्या पानावर ते माप लिहिलं आणि त्याच्या खाली नावं, आणि मग एकेक नाव खोडत गेलो.

आपल्या इथलं सगळं आधीच बाद. घोरपड, मांडूळ, घोयरा सरडा, चांदणी कासव, पाठमऊ कासव, सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, पाळणं हा गुन्हा आहे, आणि त्या दुतोंड्याच्या नावाने काय काय धंदे चालतात ते कोकणात कोणाला सांगायला नको. इग्वाना हा सरडा दुकानात हातभर, पोपटी, देखणा असतो आणि पुढे पाच-सहा फुटांचा होतो, त्याला पेटी नाही, खोली लागते. शिवाय तो साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्या यादीतला कुठलाही प्राणी घरात असेल तर सरकारी परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. बिअर्डेड ड्रॅगन नावाचा सरडा लेकीला फार आवडला होता, पण त्याला चार फूट बाय दोन फूट हवं, आणि तो ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या रानातला, आमच्या आषाढात त्याचं काय झालं असतं. कॉर्न स्नेक हा साप चार-पाच फूट वाढतो आणि सासूबाई घर सोडून गेल्या असत्या, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

इंटरनेटवर लहान जागेसाठी बघितलं की सगळे एकच नाव सांगतात, लेपर्ड गेको, गेको म्हणजे पालीचीच जात. खरंच गुणी प्राणी आहे, वीत-सव्वा वीत लांब, शांत, काचेवर चढत नाही, पंधरा-वीस वर्षं जगतो आणि आमच्या मापाच्या पेटीत नीट राहतो. आम्ही पण तोच आणणार होतो. पेटी त्याच्यासाठीच लावली होती, मे संपता संपता, आणि मग जून आला.

दापोलीत वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कपडे वाळत नाहीत, मीठ ओलं, काड्यापेटी पेटत नाही, पुस्तकांना वास, हे सगळं आपण अंगवळणी पाडून घेतलेलं असतं, पण त्याचा आकडा मी पहिल्यांदा बघितला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेटीच्या थंड टोकाला ८८ टक्के आर्द्रता, गरम टोकाला ७२. लेपर्ड गेकोला तीस-चाळीस टक्के हवी, अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या खडकाळ कोरड्या मुलखातला जीव तो. कात टाकायला त्याला ओलसर बीळ लागतं पण ते एक बीळ, आख्खं घर ओलं नाही. कायम दमट हवेत त्याच्या फुप्फुसांना लागण होते, तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागतो. आम्ही दिवा वाढवून बघितला, जाळी मोठी केली, छोटा पंखा लावला, ६५ च्या खाली काटा काही गेला नाही. लेकीने लेपर्ड गेकोचं नाव खोडलं तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी होतं. पण मला त्या दिवशी खूप हलकं वाटलं, कारण हे आम्हाला रिकाम्या पेटीने सांगितलं होतं, आजारी प्राण्याने नाही.

आणि पेटीने अजून बरंच काही सांगितलं. झाकणाची जाळी दोन महिन्यांत गंजली, खारी हवा, मग ती बदलून स्टेनलेस स्टीलची घातली. आत सजावटीला म्हणून घातलेल्या लाकडाला पांढरी बुरशी आली. काथ्याचा भुसा मात्र, जो आपल्याकडे पोत्याने मिळतो, तो वरचेवर हलवत राहिलं तर छान टिकला. लाल मुंग्या एका रात्रीत रांग लावून आल्या, मग टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, जसं आजीच्या वेळी दुधाच्या कपाटाला करायचे. आणि लाईट. ज्याने २०२० च्या ३ जूनचं निसर्ग वादळ दापोली-मंडणगडात काढलंय त्याला विजेच्या भरवशावर जीव ठेवायला भीतीच वाटते, आमच्याकडे तेव्हा कित्येक दिवस अंधार होता. म्हणून गरम टोकाला, मॅटच्या वर, जांभ्याच्या चिऱ्याची एक चकती कापून ठेवली, चार बोटं जाड. जांभा तापायला वेळ घेतो आणि निवायलाही. लाईट गेली की लेक थर्मामीटर घेऊन बसायची, ३२ वरून २७ वर यायला त्याला दोन तास लागले. साध्या फरशीला पाऊण तास. शिवाय तो खरखरीत, कात अडकली तर अंग घासायला बरा. बोटांवर अडकलेली कात वेळेवर निघाली नाही तर आवळून बोटंच झडतात, त्यामुळे ही गोष्ट लहान नाहीये.

हे तापमानाचं एवढं का, असं नवऱ्याने एकदा विचारलं, तर लेकीनेच त्याला समजावलं, बाबा, आपण खाल्लेलं आपल्या अंगच्या गरमीने पचतं, त्याचं दगडाच्या गरमीने पचतं, दगड गार असला तर पोटातला किडा तसाच कुजतो. वेळासच्या वाळूपासून तिने हे सगळं एका सुतात ओवलं होतं. गरम टोक आणि थंड टोक दोन्ही एकाच पेटीत हवीत, म्हणजे तो जीव स्वतः ठरवेल कुठे बसायचं. म्हणजे पेटीची लांबी ही नुसती चालायला नसते, तेवढी लांबी नसेल तर दोन टोकांत फरकच पडत नाही. ताटात ठेवलेल्या माझ्या कासवाला जायला दुसरं टोकच नव्हतं.

थंडीत वेगळीच गंमत झाली. जानेवारीत दापोलीत रात्री पारा बारा-चौदावर येतो, आणि एका सकाळी बघितलं तर जांभ्याच्या चकतीवर एक पाल पसरलेली. आपली साधी, भिंतीवरची. वायर आत जाते तिथे करंगळीएवढी फट होती, तिथून शिरली होती, आणि तिथूनच आमचा प्राणी बाहेर गेला असता. फट बुजवायला हवी होती पण लेक म्हणाली थंडी संपू दे. मग महिनाभर ती पाल रोज रात्री यायची आणि आम्ही रोज बघायचो. पालीला पापण्या नसतात, डोळ्यावर धूळ बसली की ती जिभेने डोळा पुसते, एकदा डावा, एकदा उजवा, हे मी चाळीस वर्षं पालींच्या घरात राहून पहिल्यांदा बघितलं. सासूबाई लांब उभ्या राहून म्हणायच्या, झाडूने मारायची ती पाल आणि तुम्ही तिला शेगडी दिलीत. पण बघायला यायच्या.

त्याच दिवसांत माहेरी गेले असताना प्राण्यांचा अभ्यास करणारा एक मित्र रात्री सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, घेऊन गेला. डोर्ले गावात सापडलेल्या नमुन्यावरून १९६३ मध्ये शास्त्राला माहीत झालेली एक पाल आहे, रत्नागिरीच्या जांभ्याच्या सड्यांवरची, हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस. बॅटरीच्या उजेडात एका सपाट दगडाच्या कडेला ती दिसली, बोटाच्या दोन-तीन पेरांएवढी, अंगावर फिकट आडवे पट्टे, भिंतीवर चढणारी नाही, जमिनीवरचीच. दिवसा त्या दगडाखाली, रात्री दगडाच्या आसपास. तो म्हणाला दगड उलटवायचा असेल तर परत जसाच्या तसा, त्याच खळग्यात बसवायचा, बोटभर तिरका राहिला तरी खालची ओल जाते. आणि सडे आता चिऱ्याच्या खाणींत आणि कलमांच्या बागांत जातायत. मी लगेच मनात हिशेब केला, माझ्या घरातली चकती कुठल्या खाणीतली असेल. एवढ्या लहान जिवालाही जागा लागते ती आकाराने लहान असेल, पण ती नेमकी तीच असावी लागते.

परत पेटीकडे. लेकीच्या वहीत आता माप होतं, पावसाळ्याची आर्द्रता होती, मेचं ३३ डिग्री होतं, जानेवारीची रात्र होती, लाईट किती वेळा गेली ते होतं. या सगळ्यात बसेल असा कोण?

क्रेस्टेड गेको बसत नव्हता. न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा, नामशेष झाला असं धरून चालले होते आणि १९९४ मध्ये परत सापडला, फळांच्या तयार पावडरवर राहतो, किडे पाळायची कटकट कमी. दमट हवा आवडते. पण गरमी २८ च्या वर गेली की त्याला त्रास, म्हणजे आमचा एप्रिल-मे त्याच्यासाठी नाही. मॉर्निंग गेको जेमतेम तीन-चार इंचाचा, अगदी लहान पेटी पुरते, सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय अंडी घालतात. वाचून लेक हरखली, मी मात्र तिथेच थांबले, कारण एक जरी खिडकीतून निसटली तरी आमच्या दमट गरम हवेत तिचं गाव वसेल. विहिरीत जे सोडलं नाही ते माडाच्या बागेत कसं सोडू.

राहिला तो आफ्रिकन फॅट-टेल्ड गेको. सेनेगलपासून कॅमेरूनपर्यंत पश्चिम आफ्रिकेतला, लेपर्ड गेकोचाच भाऊबंद, वीतभर, जमिनीवर हळूहळू चालणारा, शेपटीत चरबी साठवणारा, पंधराहून जास्त वर्षं जगणारा. गरम टोक ३१-३२, थंड टोक २५ च्या आसपास, आणि आर्द्रता पन्नास ते सत्तर. दोन पावसाळ्यांचे आकडे समोर ठेवून बघितलं, दिवा आणि पंखा लावून आमची पेटी जुलैत ६५ ते ७० वर राहत होती. तेच आकडे ज्यांनी लेपर्ड गेकोला नकार दिला होता.

खाण्याचं आधी लावलं, कारण दापोलीत दुकानात जिवंत क्रिकेट, म्हणजे रातकिडे, मिळत नाहीत. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये मीलवर्म अळ्या आणि क्रिकेट घरीच वाढवायला शिकलो, कॅल्शियम आणि डी-थ्री जीवनसत्त्वाची पावडर आणली. बागेतले किडे द्यायचे नाहीत हे पक्कं, मोहोर आला की आंब्यावर फवारण्या चालू होतात आणि नाकतोड्याच्या अंगावर काय बसलंय कळत नाही. आणि काजवे तर अजिबात नाहीत, मेअखेरीला आमच्या दारात झाडंच्या झाडं लुकलुकतात, पण काजवा खाऊन पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत, एक काजवा पुरतो.

२०२४ च्या दसऱ्यानंतर पुण्याच्या एका मुलीचा निरोप आला, शिकायला बाहेर चालली होती, तिच्याकडे फॅट-टेल होता, घरात जन्मलेला, चार वर्षांचा, आईबाप कोण, अंड्यातून कधी निघाला, सगळं लिहून ठेवलेलं. आम्ही ताम्हिणीतून जाऊन आणला. लेकीने मांडीवर डबा धरला होता, माणगावपर्यंत बोलली नाही. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर डब्यासकट ठेवला आणि डब्याचं वजन वजा केलं, ५२ ग्रॅम. मग कौलाखाली सोडला आणि झाकण लावलं, वायरची फट आठवणीने बघितली.

आठ दिवस तो दिसला नाही. पाणी कमी व्हायचं, टाकलेले किडे सकाळी कमी असायचे, काथ्यात शेपटीची एक ओढ दिसायची, बस. लेक शाळेतून आली की पेटीसमोर बसायची, हात घालायचा नाही हे आम्ही ठरवलं होतं. नवव्या रात्री जेवणं झाल्यावर दिवे मालवून आम्ही तिघी तशाच बसलो होतो, सासूबाई खुर्चीवर. कौलाच्या खालून आधी नाक आलं, मग एक पाय, मग बराच वेळ काहीच नाही. मग तो सगळा बाहेर आला, तपकिरी पट्ट्यांचा, जाड शेपटी मागे टेकवत, जांभ्याच्या चकतीपर्यंत गेला आणि तिच्यावर पोट टेकून बसला. तसाच बसला आणि त्याने डोळे मिटले. या जातीला पापण्या असतात.

सासूबाई पुढे वाकल्या. "अगो बाय," त्या लेकीला हळूच म्हणाल्या, "हे डोळे मिटतंय बघ. दिवा लावू नको हां कोणी."